लाईट गेली तरी पावती राहिली पाहिजे

प्रश्न: आमचं बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) छोटं वर्कशॉप आहे. बाबा पॅनल आणि स्टार्टरची कामं करत आले, अजूनही करतात. मी ट्रकांच्या वजनकाट्यांना कॉम्प्युटर जोडून देतो. बाजारातला साधा पीसी, त्यावर नेहमीचं विंडोज आणि मी डॉटनेटमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमिंगच्या साधनात) लिहिलेला प्रोग्रॅम. इंडिकेटरकडून, म्हणजे काट्याचा आकडा दाखवणाऱ्या डब्याकडून, वजन घ्यायचं, गाडीचा नंबर टाकायचा, पावती छापायची, एवढंच काम. सुरुवातीला कौतुक झालं. आता सकाळी फोन वाजला की पोटात गोळा येतो. पादरा गावाहून शेठ ओरडतात, "भाई, कांटो बंध छे, लाइन लागी गई छे!" जाऊन पाहावं तर स्क्रीनवर अपडेट चालू, १८ टक्के. नंदेसरीला काट्यावरच्या मुलाने पेनड्राइव्हवरून पिक्चर टाकले, त्यांच्याबरोबर व्हायरस आला. एका ठिकाणी लाईट जाऊन आली तर डेटाबेसच उघडेना. ३ दिवसांच्या पावत्या गेल्या आणि माझं बिल अडकलं. आता एका पार्टीकडून एकदम २५ काट्यांची ऑर्डर येते आहे. पुरवठादार म्हणतो 'एम्बेडेड विंडोज' घ्या, सगळे प्रश्न मिटतील. धाकटा भाऊ म्हणतो लिनक्सवर जा, फुकट आणि मजबूत. बाबा म्हणतात मशीन चांगलंच आहे, गिऱ्हाईकाला शिस्त लावा. कुणाचं ऐकू?
— एक काटेवाला, मकरपुरा

उत्तर: ऑर्डर घ्या. फक्त आज जशी देता तशीच २५ मशीनं देऊ नका, नाहीतर सकाळचे फोनही तेवढेच वाढतील आणि त्यातला एकही पैसे द्यायला केलेला नसेल.

तिघांचंही थोडंथोडं खरं आहे. कुणाचं किती, ते पुढे येईलच. पण विंडोज की लिनक्स हे नंतर बघू. आधी एक कागद घ्या आणि लिहून काढा, की लाईट गेली आणि परत आली तर तुमच्या मशीनला काय काय आठवलं पाहिजे. तोललेल्या गाड्यांच्या नोंदी. पावतीचा शेवटचा क्रमांक. गिऱ्हाईकाचं नाव-पत्ता, नेहमीच्या गाड्यांची रिकामी वजनं, कोणत्या कॉम पोर्टला (केबल जोडायच्या सीरियल खाचेला) कोणता इंडिकेटर. बस, यादी संपली. डेस्कटॉपवर कुणी लावलेला फोटो, अर्धवट उतरलेला अपडेट, प्रिंटरच्या रांगेत अडकलेली कालची पावती, पेनड्राइव्हमधून आलेली घाण, यातलं काहीच आठवायची गरज नाही. आज तुमचं मशीन हे सगळं इमानेइतबारे जपून ठेवतं आणि नेमक्या पावत्या विसरतं.

बाबांना हे स्टार्टरच्या भाषेत सांगा, त्यांना एका मिनिटात पटेल. मोटर थेट लाइनवर सुरू करणाऱ्या डीओएल स्टार्टरची वीज गेली की कॉइल सोडते, कॉन्टॅक्टर उघडतो. लाईट परत आली की स्टार्टर दर वेळी त्याच ठरलेल्या स्थितीत उभा असतो. काल काय झालं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. कॉम्प्युटरही असाच वागायला हवा. फरक एवढाच की मोटर आपोआप सुरू झालेली चालत नाही, काटा मात्र आपोआप सुरू व्हायलाच पाहिजे.

आता पुरवठादाराकडे वळू. तो ज्याला एम्बेडेड विंडोज, म्हणजे एकाच कामाच्या यंत्रात बसवायचं विंडोज, म्हणतो ते नाव जुनं. १९९९ मध्ये एनटी एम्बेडेड आलं, २००१ मध्ये एक्सपी एम्बेडेड, २०१० मध्ये एम्बेडेड स्टँडर्ड ७. त्या काळी हजारो सुट्या तुकड्यांतून हवे तेवढेच वेचून सिस्टीम बांधायची पद्धत होती. एटीएमपासून दुकानातल्या बिलिंग मशीनपर्यंत कितीतरी यंत्रं त्यावर चालली. चुकून एखादा तुकडा राहिला की प्रोग्रॅम मुका व्हायचा आणि का झाला ते शोधण्यात आठवडे जायचे. २०१५ पासून ते प्रकरण संपलं. हल्ली जे मिळतं त्याचं नाव विंडोज आयओटी एंटरप्राइज. आत पूर्ण विंडोजच असतं, त्यामुळे तुमचा डॉटनेटचा प्रोग्रॅम एक ओळही न बदलता चालेल. त्याच्या जोडीला एका कामाच्या यंत्राला लागणारी कुलपं मिळतात आणि लांब मुदतीचा परवाना.

मुदतीचं नीट समजून घ्या, कारण कोटेशनमध्ये इथेच फसगत होते. तुम्हाला हवी ती एलटीएससी, म्हणजे लांब मुदतीची, आवृत्ती. तिच्यात दर वर्षी नवं रूप, नवे मेनू येत नाहीत. फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात. आयओटी एंटरप्राइज एलटीएससीला त्या १० वर्षं मिळतात. विंडोज १० ची २०२१ ची आवृत्ती १३ जानेवारी २०३२ पर्यंत, विंडोज ११ ची २०२४ ची १० ऑक्टोबर २०३४ पर्यंत. पण 'एंटरप्राइज एलटीएससी' याच नावाची, 'आयओटी' हा शब्द नसलेली बहीणही बाजारात आहे, आणि तिला फक्त ५ वर्षं. तिची २०२१ ची आवृत्ती जानेवारी २०२७ मध्येच संपते. कागदावर 'आयओटी' लिहिलेलं आहे की नाही ते बोट ठेवून वाचा. नवीन घेताय तर २०२४ चीच घ्या. तिला टीपीएम या सुरक्षेच्या चिपची सक्ती नाही, त्यामुळे साधा औद्योगिक मिनी पीसीही चालतो.

परवाना अधिकृत वितरकाकडूनच घ्यायचा. प्रोसेसर जितका भारी, तितका तो महाग. वजनाचे आकडे वाचायला भारी प्रोसेसर लागत नाही, तिथे पैसे वाचवा. इंटरनेटवर दोन-पाचशे रुपयांत मिळणाऱ्या 'की'च्या नादी लागू नका, २५ मशीनांच्या पार्टीसमोर तर मुळीच नाही. आणखी एक अट आहे, जी ऐकून तुम्हाला बरं वाटेल. हा परवाना एका ठरावीक कामाच्या यंत्रासाठी असतो, सर्वसाधारण ऑफिस कॉम्प्युटर म्हणून वापरायला नाही. शेठजी म्हणणारच, यातच टॅली टाकून द्या ना. नाही म्हणायला आता तुमच्या हातात कागद आहे.

पण 'सगळे प्रश्न मिटतील' हे पुरवठादाराचं वाक्य विसरा. आयओटी एंटरप्राइज डब्यातून काढून नुसतं टाकलं तर तुमच्या आजच्या पीसीइतकंच नाजूक असतं. कुलपं येतात, ती उघडी असतात. लावायची तुम्हाला.

त्यातलं सगळ्यात कामाचं कुलूप युनिफाइड राइट फिल्टर, म्हणजे यूडब्ल्यूएफ. होम किंवा प्रो विंडोजमध्ये ते मिळत नाही. हा फिल्टर चालू असताना सी ड्राइव्हवर कुणी काहीही लिहिलं तरी ते खऱ्या डिस्कपर्यंत पोचत नाही. मधल्यामध्ये रॅममधल्या एका राखीव जागेत झेललं जातं. त्या जागेला ओव्हरले म्हणतात. प्रोग्रॅमला वाटतं, लिहून झालं. परत वाचायला गेला तर तेच मिळतंही. मशीन बंद झालं की ओव्हरले गेला आणि सी ड्राइव्ह तुम्ही वर्कशॉपमधून सोडला होता तसाच्या तसा. व्हायरस आला? बंद करा, चालू करा. प्रिंटरच्या रांगेत पावती अडकली? ती रांगही सी ड्राइव्हवरच असते, तीही गेली. तुमच्या निम्म्या फोनांना हे एवढं उत्तर पुरावं.

पहिल्यांदा चालू करताना फिल्टर आपणहून आणखी काही गोष्टी बंद करतो: पेजिंग फाईल (रॅम कमी पडली की डिस्कवर वापरली जाणारी जागा), सिस्टीम रिस्टोअर, इंडेक्सिंग, डीफ्रॅग, फास्ट बूट. शिवाय मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं म्हणून सुरू होताना जो दुरुस्तीचा पडदा येतो आणि काट्यावरचा मुलगा 'कोणतं बटण दाबू' म्हणून विचारतो, तोही येईनासा होतो. पेजिंग फाईल नसल्याने रॅममध्ये कंजुषी करू नका. ८ जीबी घाला.

आता त्याच्या खोड्या, कारण फिल्टर लावून वर्षभरात वैतागून काढून टाकणारे लोक असतात आणि ते सगळे याच दोन-तीन ठिकाणी अडखळलेले असतात.

पहिली खोडी ओव्हरलेच्या आकाराची. काही न सांगता चालू केला तर त्याला १०२४ एमबी मिळतात. मशीन रोज बंद होत असेल तर तेवढे पुरतात. पण नंदेसरीसारख्या ठिकाणी काटा रात्रंदिवस चालतो. लॉग लिहिले जातात, अँटिव्हायरसच्या याद्या उतरतात, टेम्प फाइली साठतात आणि हळूहळू ओव्हरले भरतो. भरला की लिहायला जागा नाही म्हणून एकेक गोष्ट अडायला लागते, तीही अशी की कारण कुणाला कळू नये. आकार वाढवा, आणि गाड्या कमी असतात त्या वेळी रोज एकदा आपोआप रीस्टार्ट ठेवा. विंडोजचे लॉग डी ड्राइव्हवर, म्हणजे फिल्टर न लावलेल्या वेगळ्या भागावर, वळवा, म्हणजे एखादं मशीन का बिघडलं ते रीस्टार्टनंतरही पाहता येईल. ओव्हरले किती भरलाय हे यूडब्ल्यूएफएमजीआर या कमांडने कळतं. तुमच्या प्रोग्रॅमच्या कोपऱ्यात तो आकडा दाखवलात तर फोनवरच निदान होईल.

दुसरी खोडी तुमच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये दडलेली असणार. डॉटनेटमध्ये 'यूजर सेटिंग' म्हणून जे साठवतो ते कुठे जातं? सी ड्राइव्हवर, वापरणाऱ्याच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये. पावतीचा शेवटचा क्रमांक तुम्ही तिथे ठेवत असाल, तर फिल्टर चालू केल्यानंतर दर सकाळी क्रमांक मागे जाईल. ४,०१२ नंबरच्या दोन पावत्या, दोन वेगवेगळ्या गाड्या, दोन वेगवेगळी वजनं. हिशेब तपासायला बसलेला माणूस याला बिघाड म्हणणार नाही, चोरी म्हणेल. प्रोग्रॅम कुठे कुठे लिहितो ते एकदा ओळीओळीने तपासा आणि सगळं डी ड्राइव्हवर आणा. फिल्टरला अपवाद म्हणून सी ड्राइव्हवरचे ठरावीक फोल्डर सांगता येतात, पण अपवादांची यादी वाढत जाते आणि दोन वर्षांनी ती का वाढली हे तुम्हालाही आठवत नाही. वेगळा ड्राइव्ह हे साधं आणि सरळ.

तिसरी खोडी माणसांची. तुमचा टेक्निशियन दुपारी जाऊन जळलेला प्रिंटर बदलतो, नवा ड्रायव्हर टाकतो, पावती काढून दाखवतो, सही घेऊन परत येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनला नवा प्रिंटर माहीतच नसतो. फिल्टर बंद, रीस्टार्ट, काम, फिल्टर चालू, पुन्हा रीस्टार्ट, हा क्रम केबिनच्या आत ठळक अक्षरांत चिकटवा. गुजरातीतही लिहा.

डी ड्राइव्हवर फिल्टर नाही, म्हणजे तिथे डेटाबेसने स्वतःची काळजी स्वतः घ्यायची. पत्रात लिहिलं नाहीत, पण ३ दिवसांच्या पावत्या एकदम जातात म्हणजे मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस डेटाबेसची एकच फाईल दिवसभर उघडी राहत असावी असा माझा अंदाज आहे. एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस वापरा. त्यात 'सिंक्रोनस' हे सेटिंग 'फुल'वर ठेवा. दर गाडीची नोंद हा एक पूर्ण व्यवहार, आणि तो डिस्कवर पक्का झाल्याशिवाय प्रिंटरकडे काही पाठवायचं नाही. छापलेली पावती आहे आणि नोंद नाही, असं कधीही होता कामा नये. नोंद आहे आणि छपाई राहिली, तर पुन्हा छापता येते. त्यातही स्वस्त एसएसडी 'लिहिलं' म्हणून सांगून मजकूर आपल्या तात्पुरत्या मेमरीतच ठेवते आणि लाईट जाते. म्हणून लाईट गेल्यावर हातातलं लिखाण पुरं करण्याइतकी वीज साठवणारी औद्योगिक एसएसडी घ्या. आकार लहान चालेल. यूपीएसवर विसंबू नका. काट्याच्या केबिनमध्ये यूपीएस असतोच आणि त्यातली बॅटरी केव्हाच मेलेली असते.

पडद्याचं काम तुलनेने सोपं. शेल लाँचर नावाची सोय विंडोज सुरू होताच डेस्कटॉपऐवजी थेट तुमचा प्रोग्रॅम उघडते, आणि तो पडला तर काय करायचं तेही सांगता येतं: पुन्हा उघडायचा की मशीन रीस्टार्ट करायचं. यात एक गंमत होते. इंडिकेटरची केबल निघालेली असली आणि प्रोग्रॅम त्या धक्क्याने पडत असला, तर उघड-पड-उघड-पड असा खेळ दिवसभर चालतो. वजन येत नसेल तर प्रोग्रॅमने शांतपणे 'इंडिकेटरची केबल पाहा' असं मोठ्या अक्षरांत दाखवत उभं राहावं. कीबोर्ड फिल्टरने ऑल्ट-एफ४, कंट्रोल-ऑल्ट-डिलीट, विंडोज की बंद करा. त्याला तुमच्यासाठी एक चोरवाट असते, डावी विंडोज की लागोपाठ ५ वेळा दाबायची. ती की बदलून घ्या, कारण रिकाम्या बसलेल्या मुलाला ती सापडायला वेळ लागत नाही. पेनड्राइव्ह पॉलिसीतून बंद. रोजचं लॉगिन ॲडमिनचं नको.

आणि त्या मुलाबद्दल. पत्र्याच्या केबिनमध्ये मे महिन्यात दिवसभर बसून ट्रकांचे नंबर टाकणाऱ्याला पिक्चर बघावासा वाटला तर त्यात नवल काय! त्याच्या फोनसाठी एक चार्जिंग पॉइंट द्या, तुमच्या मशीनच्या यूएसबीपासून दूर. निम्मी शिस्त आपोआप लागेल. बाबांनाही सांगा.

आता लोखंडाचं, भराभर. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) लाईट आल्यावर काय करायचं असं एक सेटिंग असतं, ते 'पॉवर ऑन'वर. हे विसरलात तर वरची सगळी मेहनत बटण दाबणाऱ्या माणसाची वाट बघत बसेल. सीरियल पोर्ट मदरबोर्डवरचा घ्या. यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर लावलात, त्याला स्वतःचा सीरियल नंबर नसला आणि कुणी तो शेजारच्या भोकात खोचला, की विंडोज त्याला नवा कॉम नंबर देतं आणि तुमचा प्रोग्रॅम जुन्या दाराशी उभा राहतो. मदरबोर्डवरचा तो नाण्याएवढा सेल संपला की मशीन दर वेळी भलतीच तारीख सांगतं. भलत्या तारखेची पावती छापण्याऐवजी प्रोग्रॅमने शेवटच्या नोंदीची तारीख पाहून अडून बसावं. पंखा नसलेला डबा घ्या, काट्यावरची धूळ पंख्याला टिकू देत नाही. आणि तो डबा जमिनीवर ठेवायची पद्धत बंद. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी बडोद्यात घुसलं तेव्हा जमिनीलगत ठेवलेल्या वस्तूंचं काय झालं ते तुम्ही पाहिलंच आहे.

प्रोग्रॅममध्ये हाताने वजन टाकायची खिडकी असेल तर काढून टाका. वजनमाप खात्याचं सील काट्यावर आणि इंडिकेटरवर असतं. कॉम्प्युटरने इंडिकेटर सांगेल तोच आकडा, तोही स्थिर झाल्यावर, उचलायचा. केबल तुटल्यावर 'आजच्या दिवस हाताने टाकू दे' म्हणणारा शेठ उद्याच्या भांडणात तुमच्याकडेच बोट दाखवेल.

२५ मशीनं हाताने एकेक करून तयार करू नका. तसं केलंत तर २५ वेगवेगळी मशीनं होतील. एकच नमुना बांधा: विंडोज, ड्रायव्हर, प्रोग्रॅम, पॉलिसी. मग सिसप्रेपने त्याची ओळख पुसा, डिझम या अवजाराने त्याची प्रतिमा काढा आणि तीच सगळ्यांवर उतरवा. फिल्टर या टप्प्यावर बंद असला पाहिजे. तो सगळ्यात शेवटी, काट्यावर जाऊन गिऱ्हाईकाचं नाव, कॉम पोर्ट, प्रिंटर सगळं जुळलं की चालू करायचा. प्रतिमेला आवृत्तीचा नंबर द्या आणि तो डब्यावर चिकटवा. फोन आला की पहिला प्रश्न तोच विचारायचा.

भावाचं म्हणणं मी टाळत नाही. लिनक्सवर हे सगळं होतं, आणि चांगलं होतं. मूळ डिस्क फक्त वाचायला ठेवून वर ओव्हरले टाकायची सोय तिथे जुनी आहे. रास्पबेरी पायच्या सेटिंगमध्ये तर ती एका पर्यायावर चालू होते. परवान्याचा खर्च नाही, डबाही हलका चालतो. पण तुमच्या प्रोग्रॅमच्या खिडक्या विनफॉर्म्समध्ये (डॉटनेटच्या फक्त विंडोजसाठीच्या पद्धतीत) असतील तर त्या लिनक्सवर चालत नाहीत. नवं डॉटनेट तिथे चालतं, त्यामुळे हिशेबाचा भाग वाचेल, पडदे नव्याने लिहावे लागतील. आणि पादऱ्याला उभा असलेला टेक्निशियन रात्री ९ वाजता लिनक्सवर प्रिंटर जोडू शकतो का? भाऊ स्वतः जाणार असेल तर गोष्ट वेगळी. माझं मत विचाराल तर ही ऑर्डर विंडोजवर करा, आणि भावाला आजच एक मशीन द्या. वर्षभरात त्याने तोच प्रोग्रॅम लिनक्सवर उभा केला तर पुढची ऑर्डर त्याची. एसक्यूलाइटची फाईल दोन्हीकडे तीच चालते, ही सोय आत्ताच होऊन जाते.

बाबांचं कुठे खरं आहे ते सांगायचं राहिलं. शिस्त लागतेच, फक्त ती गिऱ्हाईकाला लावून भागत नाही. एलटीएससीला नवं रूप येत नसलं तरी सुरक्षेच्या दुरुस्त्या दर महिन्याला येतात आणि फिल्टर चालू असताना त्या टिकत नाहीत. त्यासाठी फिल्टरचा सर्व्हिसिंग मोड असतो. मशीन त्यात गेलं की दुरुस्त्या घेऊन पुन्हा कुलूपबंद होतं, पण तेवढा वेळ काटा बंद. तो वेळ कधी द्यायचा हे शेठबरोबर आधीच ठरवून वार्षिक कराराच्या कागदावर घ्या. 'आमचं मशीन नेटला जोडलेलंच नाही' म्हणून सोडून देऊ नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो कारखान्यांच्या आतल्या नेटवर्कवरून, आणि काट्याचा कॉम्प्युटर अकाउंट्सच्या नेटवर्कला जोडलेला असतोच. जुन्या गिऱ्हाईकांकडच्या साध्या विंडोज १० च्या मशीनांना तर १४ ऑक्टोबर २०२५ नंतर नेहमीच्या दुरुस्त्या येणं थांबलं आहे. त्यांना भेटून हे तोंडावर सांगा. त्यातले काही नवीन मशीन मागतील.

बाबांकडून एक काम मात्र नक्की करून घ्या. एक सायक्लिक टायमर, एक कॉन्टॅक्टर, आणि त्यातून तुमच्या नमुना मशीनची वीज. दर काही मिनिटांनी, मशीन पावत्या छापत असतानाच, लाईट तोडायची आणि परत द्यायची. इंडिकेटरच्या जागी तुमचाच एखादा लॅपटॉप सीरियलवर वजनाचे खोटे आकडे सोडत राहील. हे रात्रंदिवस चालू द्या. दर वेळी मशीन कुणाचा हात न लागता तुमच्या पडद्यावर आलं पाहिजे, आणि कागदावर छापलेली शेवटची पावती डेटाबेसमध्ये सापडली पाहिजे. एकदाही चुकलं तर प्रतिमा परत बांधा. मशीन चांगलं आहे की नाही हे मग बाबाच सांगतील, त्यांच्याच पॅनलवरून.

पार्टीला कोटेशन देताना पहिली २ मशीनं महिनाभर त्यांच्या सगळ्यात वाईट काट्यावर, जिथे लाईट सारखी जाते तिथे, बसवून दाखवतो असं लिहा. बाकीची २३ त्यानंतर. ॲडव्हान्स मात्र २५ चा घ्या.